काँक: फ्रान्सच्या आवेरॉन जिल्ह्यातल्या दरीतलं एक गाव

मंगळवार

तुलूझहून काँकला गाडीने अडीच-तीन तास लागतात, पण आम्ही मुद्दाम रोदेझला थांबून गेलो. दादा-वहिनी तुलूझला असतात, वहिनीचं फ्रेंच एकदम पक्कं आहे आणि या अख्ख्या ट्रिपमध्ये मला जे काही लोकांशी बोलता आलं ते तिच्यामुळेच. रोदेझ हे आवेरॉन जिल्ह्याचं मुख्य ठिकाण, गुलाबी दगडाचं मोठं कॅथेड्रल आहे, पण आम्ही थांबलो ते सूलाज म्युझियमसाठी. पिएर सूलाज हा काळ्या रंगात काम करणारा चित्रकार, १९१९ मध्ये रोदेझलाच जन्मला आणि २०२२ मध्ये १०२ वर्षांचा होऊन गेला. काँकच्या चर्चच्या खिडक्या त्याने केल्यात आणि त्या खिडक्यांची खऱ्या मापाची ड्रॉइंग्ज या म्युझियममध्ये लावलेली आहेत. आधी ती बघून मग काँकला गेलं तर खिडक्या जास्त कळतात असं वहिनीचं म्हणणं होतं आणि ते शंभर टक्के खरं निघालं.

रोदेझ सोडून मार्सियाकच्या बाजूला उतरलं की माती अचानक लालभडक होते, टेकड्यांवर द्राक्षांच्या पायऱ्या, सप्टेंबरचा शेवट असल्यामुळे काही मळ्यांत तोडणी सुरू झालेली. पुढे दूर्दू नदीच्या काठाकाठाने रस्ता जातो, दरी अरुंद होत जाते, दोन्ही बाजूंना चेस्टनटची गर्द झाडी, आणि आपण कुठेतरी जंगलात शिरतोय असं वाटायला लागतं. इथे गाव असेल असं वाटतच नाही. मग एका वळणावर वर बघितलं तर डोंगराच्या कुशीत राखाडी छपरांचा पुंजका आणि त्यातून वर आलेले चर्चचे तीन मनोरे.

गाडी गावाबाहेरच लावायची, आत न्यायची नाही, आणि ते फार बरं आहे. बॅगा ओढत चढ चढून गेलो. गल्ल्या दगडी, उताराच्या, घरं लाकडी चौकटीत माती-दगड भरून बांधलेली आणि छपरांवर कौलं नाहीत तर शिस्ट दगडाच्या पातळ चिपा, माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक बसवलेल्या. आमच्या घरमालकीण आजी सत्तरीच्या पुढच्या, जन्म याच गावातला. त्यांनी सांगितलं की असं छप्पर नीट बसवलं तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, पण आता ते बसवणारे कारागीर कमी झालेत आणि खर्च अफाट येतो. साधं सिमेंटचं किंवा पत्र्याचं टाकायची सोयच नाही, ऐतिहासिक वास्तूच्या आसपास काहीही बदलायचं म्हणजे सरकारी आर्किटेक्टची परवानगी लागते, खिडकीच्या दारांच्या रंगालासुद्धा. आजी हे वैतागून सांगत नव्हत्या. म्हणाल्या, नियम नसते तर गाव कधीच गेलं असतं.

रात्री आजींनी फार्सू केले होते. चार्डचा पाला, पार्सली, कांदा बारीक चिरून अंडी-पिठात कालवायचा आणि तव्यावर चमच्याने सोडून दोन्हीकडून खरपूस करायचं. मी पाच खाल्ले. दादाने मोजले.

बुधवार

सकाळी साडेसातला चर्चसमोर गेलो तेव्हा चौकात फक्त पाठीला सॅक लावलेले चार-पाच यात्रेकरू होते. चर्च म्हणजे सँत-फ्वा या संत मुलीचं मठ-चर्च, अकराव्या शतकात ओदोल्रिक नावाच्या मठाधिपतीने बांधायला घेतलं आणि बाराव्या शतकात पुरं झालं. दगड तीन प्रकारचा, पिवळसर चुनखडी, लाल वालुकाश्म आणि राखाडी शिस्ट, सगळा आसपासचाच. एवढ्याशा गावात हे एवढं मोठं चर्च कशाला, हा प्रश्न कुणालाही पडतो. उत्तर यात्रेत आहे. फ्रान्समधल्या ल प्युईहून स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थक्षेत्राला जायचा जो पायी रस्ता आहे त्यावर काँक हा मोठा मुक्काम होता, ल प्युईपासून साधारण २०० किलोमीटर, त्यामुळे हजारो लोकांना एकदम आत घेता येईल, गाभाऱ्याला प्रदक्षिणा घालता येईल अशी रचना ठेवलेली आहे.

मुख्य दारावरच्या कमानीतलं शिल्प बघायला लोक जगभरातून येतात. विषय शेवटच्या दिवसाच्या न्यायाचा, आकृत्या १२४. मध्ये येशू, त्याच्या उजव्या हाताला स्वर्गवाले आणि डाव्या हाताला नरकवाले. नऊशे वर्षं उघड्यावर आहे तरी काही ठिकाणी जुना निळा आणि लाल रंग अजून दिसतो. मी तिथे तासभर मान वर करून उभी होते. तराजूपाशी एका बाजूला देवदूत मिखाएल आणि दुसऱ्या बाजूला सैतान समोरासमोर उभे आहेत, आणि सैतान हळूच बोटाने आपलं पारडं खाली दाबतोय! नरकात एक कंजूष गळ्यात पैशांची थैली अडकवून फासावर लटकलाय, घोड्यावरून डोकं खाली करून पडणारा एक सरदार आहे, आणि एका शिकाऱ्याला सशासारखा प्राणी काठीला बांधून भाजतोय. स्वर्गाच्या बाजूला सम्राट शार्लमेनसुद्धा आहे, पण त्याला एक मठाधिपती हाताला धरून पुढे नेतोय, राजा एकदम संकोचलेला. आणि सगळ्यात मला आवडलं ते म्हणजे कमानीच्या कडेला दगडाच्या पट्टीमागून डोकावणारे छोटे चेहरे, बोटांनी कडा धरून बघणारे. त्यांचा कथेशी संबंध नाही, ते आपल्यासारखेच बघे.

खाली लॅटिनमध्ये ओळ कोरलेली आहे, तिचा अर्थ साधारण असा की पाप्यांनो, वागणं सुधारलं नाहीत तर कठोर न्याय वाट बघतोय. पण एवढं धमकावूनही शिल्प भीतीदायक वाटत नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या, महिनाभर चालून पाय सोललेल्या माणसांना दारातच सगळं उलगडून सांगायचं, त्यांना हसवायचंसुद्धा, हे ज्याने कोरलं त्याला माणसं फार चांगली कळत होती.

आत गेल्यावर सूलाजच्या खिडक्या. शाळेत असताना, चौदा-एक वर्षांचा असेल, तो सहलीला या चर्चमध्ये आला होता आणि आयुष्यभर कलाच करायची हे इथेच ठरवलं असं तो सांगायचा. पुढे १९८७ ते १९९४ अशी सात वर्षं त्याने या १०४ खिडक्या-झरोक्यांवर काम केलं. रंगीत काच अजिबात नाही, चित्र नाही, संत नाहीत. बाहेरचं काही दिसू नये पण उजेड मात्र आत यावा अशी काच त्याला हवी होती, ती बाजारात मिळेना म्हणून शेकडो प्रयोग करून नवीन तयार करून घेतली, तुलूझच्या काच कारागिराबरोबर. त्यावर फक्त शिशाच्या काळ्या तिरक्या रेषा. सकाळी एका बाजूच्या खिडक्या निळसर होत्या, दुपारी परत गेलो तर त्याच केशरी झालेल्या. गावात सुरुवातीला याला बराच विरोध झाला. आजी म्हणाल्या त्याही विरोधात होत्या, आता मात्र रंगीत काचा परत लावायला निघालं कोणी तर त्या दारात आडव्या पडतील.

रात्री साडेआठच्या प्रार्थनेला गेलो. मठ आता प्रेमोंत्रे संप्रदायाच्या साधूंकडे आहे, ते इथे १८७३ मध्ये आले. पांढऱ्या कपड्यांतले मोजके साधू, प्रार्थना झाल्यावर यात्रेकरूंना पुढे बोलावून आशीर्वाद देतात. मग एक साधू बाहेर येऊन त्या शिल्पाची गोष्ट सांगतो आणि लोक खो खो हसतात, वहिनी माझ्या कानात भाषांतर करत होती आणि स्वतःच हसत होती त्यामुळे अर्धं राहिलंच. त्यानंतर आत ऑर्गन वाजवतात आणि तेव्हा वरच्या गॅलरीत फिरायला मिळतं, खांबांच्या माथ्यावरची शिल्पं अगदी हाताच्या अंतरावर येतात.

गुरुवार

आजचा दिवस चर्चच्या खजिन्याचा, आणि माझ्या मते काँकची खरी गोष्ट ही आहे.

सँत-फ्वा ही आझाँ शहरातली बारा-तेरा वर्षांची मुलगी. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या काळात, इ.स. ३०३ च्या सुमारास, ख्रिस्ती धर्म सोडायला नकार दिला म्हणून तिला मारलं अशी कथा. तिच्या अस्थी आझाँला होत्या. इकडे काँकला नवव्या शतकात मठ होता, पण आडबाजूला, कोणी फिरकत नव्हतं. परंपरा अशी सांगते की काँकचा आरिव्हिस्कस नावाचा साधू आझाँला गेला, तिथे वर्षानुवर्षं राहून लोकांचा विश्वास मिळवला आणि ८६६ च्या सुमारास अस्थी घेऊन पसार झाला. सरळ चोरी. पण त्या काळात असं मानायचे की संताच्या मनात नसेल तर अस्थी कोणी हलवूच शकत नाही, म्हणजे ती आली कारण तिला यायचंच होतं. गावात हे कोणी लपवून ठेवत नाही, म्युझियममधल्या माणसानेही खुल्लमखुल्ला सांगितलं.

तिची मूर्ती अंधाऱ्या खोलीत काचेमागे आहे. ८५ सेंटिमीटर उंच, आत लाकूड आणि वरून सोन्याचा पत्रा, सिंहासनावर बसलेली. अंगभर रत्नं, रोमन काळातले कोरीव खडे, मोती, स्फटिक, एवढे की पत्रा दिसायला शोधावा लागतो, कारण शतकानुशतकं ज्याने त्याने नवस बोलून जे दिलं ते तिच्या अंगावर चढत गेलं. चेहरा लहान मुलीचा मुळीच नाही. डोकं कुठल्यातरी उत्तर-रोमन काळातल्या सोन्याच्या पुतळ्याचं घेऊन बसवलंय, मोठे रोखलेले डोळे, हनुवटी किंचित वर. हात नंतरच्या काळात बसवलेले, बोटांत फुलं खोचायला छोट्या नळ्या आहेत. मी समोर उभी राहिले आणि खरंच सांगते, हात आपोआप जोडले गेले. आजूबाजूला कोणी करत नव्हतं तसं.

अकराव्या शतकाच्या सुरुवातीला आँझे शहरातला बेर्नार नावाचा शिकलेला माणूस, शार्त्रच्या नामांकित गुरूचा शिष्य, मुद्दाम इथले चमत्कार तपासायला आला होता. वाटेत ओरियाकला संताची सोन्याची मूर्ती बघून तो सोबत्याला लॅटिनमध्ये कुत्सितपणे म्हणाला, ही तर ज्युपिटर नाहीतर मार्स अशा रोमन देवाला शोभेल. काँकला आल्यावर आधी तसाच हसला. मग लोकांशी बोलत गेला, ऐकत गेला, आणि शेवटी त्यानेच तिच्या चमत्कारांचा ग्रंथ लिहिला, आधी हसलो याबद्दल त्यात माफी मागितली. त्या गोष्टींतली सँत-फ्वा फार जिवंत आहे. बायकांच्या स्वप्नात जाऊन हट्टाने बांगड्या-अंगठ्या मागते, दिलं नाही तर आजारी पाडते, दिलं की मूल देते. कैद्यांना तुरुंगातून सोडवते, आणि सुटलेले कैदी आपल्या बेड्या इथे आणून वाहायचे, इतक्या जमल्या की वितळवून चर्चमधले लोखंडी जाळीचे दरवाजे केले म्हणतात. ते दरवाजे अजून आहेत, त्यांच्यावरची वळणं हाताने चाचपून बघितली. कालच्या शिल्पातही तिच्यामागे कमानीत बेड्या टांगलेल्या कोरल्यात, ते आज लक्षात आलं म्हणून परत बघून आलो.

पुढे यात्रा ओसरली. १५६८ मध्ये धर्मयुद्धात प्रोटेस्टंटांनी चर्चला आग लावली, अस्थींची पेटी भिंतीत चिणून लपवली गेली आणि ती तशीच राहिली थेट १८७५ पर्यंत, दुरुस्तीत सापडली. आणि मग राज्यक्रांती. देशभर चर्चचं सोनं-चांदी जप्त करून वितळवत होते. काँकचं सोनं जप्त व्हायच्या आधी गावकऱ्यांनी ते रातोरात आपसात वाटून घेतलं, कोणी घरात, कोणी बागेत पुरलं, कोणी चेस्टनट वाळवायच्या झोपडीत, आणि वरून आलेल्या अधिकाऱ्यांना सांगितलं की चोरीला गेलं. धोका कसला होता याची कल्पना करा, पकडले गेले असते तर डोकी गेली असती. ही काही श्रीमंत माणसं नव्हती, चेस्टनट उकडून खाणारी माणसं. वादळ शमल्यावर सगळ्यांनी आपापल्याकडचं परत आणून दिलं. म्हणून आज मध्ययुगातल्या सोनारकामाचा एवढा मोठा संग्रह युरोपात जेमतेम काही ठिकाणी आहे आणि त्यातलं एक हे खेडं आहे. हे वाचून माहीत होतं तरी त्या काचेसमोर वहिनीने परत सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

अर्थात त्याच गावाने मठाच्या आतल्या अंगणाच्या ओवऱ्या उतरवून त्यांचे दगड घरांना वापरले हेही खरं. आता तिथे दोन-चार कमानी आणि हिरव्या सर्पेंटाइन दगडाचं मोठं गोल कुंड एवढंच उरलंय. मठ ओस पडलेला, दुरुस्तीला पैसा नाही, आणि तयार घडीव दगड समोर पडलाय, तर लोक घेणारच, मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. १८३७ मध्ये प्रॉस्पेर मेरिमे, जो लेखक म्हणून आपल्याला माहीत असतो पण नोकरीने सरकारचा ऐतिहासिक वास्तूंचा निरीक्षक होता, तो इथे पोचला. अशा ओसाड जागी एवढी संपत्ती सापडेल याची त्याला कल्पनाच नव्हती. चर्च पडायला आलेलं. त्याने रिपोर्ट दिला, पैसे मिळवले, दुरुस्ती सुरू झाली. ते झालं नसतं तर आज बघायला काही राहिलं नसतं.

शुक्रवार

सकाळी शार्लमेन रस्त्याने खाली उतरलो. हा गावातला यात्रेकरूंचा रस्ता, तीव्र उतार, वाटेत खडकाच्या टोकावर सँ-रॉकचं छोटं देऊळ लागतं, तिथून मागे वळून गाव सगळं दिसतं. खाली दूर्दूवरचा मध्ययुगीन पूल, अरुंद, मध्ये उंच. १९९८ मध्ये युनेस्कोने फ्रान्समधले सांतियागोचे रस्ते यादीत घेतले त्यात चर्चबरोबर हा पूलही वेगळा नोंदलाय. पलीकडच्या चढावर जंगलात सँत-फ्वाचं देऊळ, तिथे घंटा आहे, आणि यात्रेकरू वर पोचले की ती वाजवतात, ती खाली गावात ऐकू जाते.

चढताना बरीच माणसं भेटली. एक निवृत्त नर्स, एकटी, ल प्युईहून निघालेली. दोन बेल्जियन भाऊ, वडील वारल्यावर निघालेले. वारी बघत मोठं झालेल्या माणसाला इथे ओळखीचं खूप काही वाटतं, अनोळखी माणसं थांबून विचारपूस करतात, एकमेकांच्या फोडांना पट्ट्या लावतात, मुक्कामाला स्वयंसेवक रांधून वाढतात. फरक एवढा की दिंडी नाही, टाळ नाही, भजन नाही, बहुतेक जण एकटे किंवा दोघे, आणि अर्धेअधिक लोक आपण धार्मिक नाही असं सांगतात. तरी चालतात. दरवर्षी सुट्टीत एक आठवडा, पुढच्या वर्षी थांबलो तिथून पुढे, असं करत करत सांतियागो गाठणारेही बरेच.

दुपारी आजींच्या अंगणात बसलो, त्या चेस्टनट निवडत होत्या, झाडांखाली पडायला नुकतीच सुरुवात झालेली. एकेक हातात घेऊन अंगठ्याने दाबायच्या, दबलं तर आत अळी, टोपलीबाहेर. या भागात धान्य फारसं पिकत नाही, उतार आणि आम्लधर्मी माती, त्यामुळे शतकानुशतकं चेस्टनट हेच अन्न. वाळवायची झोपडी दोन मजली, खाली ओल्या लाकडाचा धुमसता विस्तव, वर पट्ट्यांवर चेस्टनट, आठवडेच्या आठवडे धूर द्यायचा, मग झोडपून सालं काढायची आणि वर्षभर सूप, लापशी, डुकरांनाही तेच. आजींच्या आजोबांकडे अशी झोपडी होती, आता तिथे पुतण्याने उन्हाळ्यात भाड्याने द्यायची खोली केलीय.

एकोणिसाव्या शतकात गावात आत्तापेक्षा कित्येक पटींनी माणसं होती. मग फिलॉक्सेरा किडीने द्राक्षमळे साफ केले, जवळच्या दकाझव्हिलच्या कोळसा खाणींनी काही तरुण ओढून घेतले, उरलेले पॅरिसला गेले. आवेरॉनची माणसं आणि पॅरिसचे कॅफे हे जुनं नातं आहे, आधी पाणी-कोळसा-लाकूड वाहून विकायचे, मग त्याच दुकानात वाइनचा पेला विकायला लागले आणि त्याचे कॅफे झाले. आजींचे काकाही त्यातलेच. पहिल्या महायुद्धाने आणखी माणसं नेली, स्मारकावरची नावं बघितली तर एकच आडनाव दोनदा-तीनदा येतं.

आता गावठाणात बाराही महिने राहणारी माणसं शंभराच्या आसपास, आणि वर्षाला पाहुणे मात्र लाखोंनी. उन्हाळ्यात सकाळी दहा ते संध्याकाळी सहा गल्लीतून चालता येत नाही, जानेवारीत संध्याकाळी एखाद्याच खिडकीत दिवा. आजींना गर्दीचा राग नाही, त्यांचं म्हणणं हे गाव पहिल्यापासून पाहुण्यांवरच जगलंय, फक्त पूर्वीचे पाहुणे रात्री थांबायचे. त्यांची काळजी वेगळी आहे, घरं विकली जातात ती सुट्टीपुरती येणाऱ्यांना, तरुण जोडप्याला इथे घर परवडत नाही, मूल असेल तर शाळा, डॉक्टर, बेकरी सगळं खाली सँ-सिप्रियँला. २०१६ पासून काँक, ग्राँ-व्हाब्र, नोआयाक आणि सँ-सिप्रियँ मिळून एकच ग्रामपालिका झालीय. आधी लोकांना रुचलं नव्हतं. पण एकट्या काँकला खर्च झेपणार नव्हता, हे त्या स्वतःच म्हणाल्या.

रात्री आलिगो खाल्लं, बटाट्याच्या लगद्यात ओब्राकच्या पठारावरचं ताजं चीज घोटून घोटून करतात, पळी उचलली की हातभर तार येते. सोबत मार्सियाकची लाल वाइन. दादा खूश.

शनिवार

सकाळी फुआस घेतला, संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा वास असलेला गोल गोड पाव. मग निघताना समोरच्या बाँकारेलच्या टेकडीवरून गाव एकदा बघितलं. फोटोसाठी हीच जागा आणि सकाळचाच उजेड.

कोणी जाणार असेल तर माझं सांगणं एवढंच की दिवसभरासाठी जाऊ नका, दोन रात्री तरी रहा, कारण बसेस गेल्यानंतरचं काँक वेगळंच आहे आणि रात्रीचा ऑर्गन फक्त राहणाऱ्यांनाच मिळतो. मे आणि सप्टेंबरमध्ये यात्रेकरूंची गर्दी असते त्यामुळे खोल्या लवकर बुक करा. रविवारी जाणार असाल तर थोडा खाऊ बरोबर ठेवा. स्वतःची गाडी नसेल तर रोदेझपर्यंत ट्रेन आहे, पॅरिसहून रात्रीची गाडीसुद्धा येते, पण पुढच्या बस मोजक्याच, वेळापत्रक आधी बघून घ्या. गुडघ्यांचा त्रास असेल तर पुलापर्यंत उतरण्याआधी विचार करा, परत तेवढंच चढायचं असतं. आणि सोबत छोटी दुर्बीण नक्की न्या, कमानीच्या कडेचे ते डोकावणारे चेहरे खालून नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाहीत.